दोन डब्यांमधली तार

पडवीतला भोंगा कण्हला तसे यादोराव ताटावरून उठले. हात धुवायलाही थांबले नाहीत. भाताची बोटं धोतराला पुसत त्यांनी खुंटीवरची टॉर्च काढली आणि अंगण ओलांडून धानाच्या बांध्यांच्या वाटेला लागले. दिवस नुकताच बुडला होता. बोडीच्या पाण्यावरचं धुकं सरकत सरकत पिकलेल्या धानावर येत होतं, आणि थोड्या वेळानं त्या धुक्यातून त्यांची हाक ऐकू आली.

"सेवक्याऽ... बापूऽ..."

पार्वताबाईंनी नवऱ्याच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. हे त्यांनी इतक्या सवयीनं केलं की सत्यभामाच्या अंगावर काटा आला. ती कालच पवनीहून दिवाळीच्या सुट्टीला घरी आली होती.

"रोजच जाते का, माय?"

"वाजला की जाते."

"डुक्कर असते का तिथं?"

"काईच नसते." पार्वताबाई चुलीपुढं सरकल्या. "भोंग्याची बॅटरी अड्याळहून भरून आणली की चार-सहा दिवस गप रायते. मंग दम सुटला का बोलाले लागते. लोकं म्हणतेत, भरल्या बॅटरीले तो भेते."

'तो' म्हणजे कोण, हे दोघींपैकी कोणीच बोललं नाही. पडवीच्या भिंतीवरचा स्कूटरचा जुना भोंगा पुन्हा एकदा घशात काही अडकल्यासारखा घरघरला आणि थांबला.

सेवकराम सत्यभामाचा धाकटा भाऊ. गेल्या कार्तिकात, ह्याच दिवसांत, तो घरच्याच बांधीच्या काठच्या धुऱ्यावर मेला. विजेची तार तुटून अंगावर पडली असं पंचनाम्यात आलं. आसगावात सगळ्यांना ठाऊक होतं की तार तुटली नव्हती. रानडुकरांसाठी यादोरावांनीच खांबावर आकडा टाकून ती धुऱ्याभोवती ओढली होती. पण तसं दुसऱ्याही चार जणांनी केलेलं होतं, म्हणून गाव गप्प राहिलं.

ती तार ओढली जाऊ नये म्हणूनच तर भावंडांनी हा अलार्म करायला घेतला होता. सेवकराम भंडाऱ्याला आयटीआय करून आलेला, गावात रेडिओ दुरुस्त करायचा. सत्यभामा पवनीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक. दोघांना एकच वेड. नागपूरला कोणी निघालं की त्याच्या हाती सुटे भाग मागवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पडवीत निखाऱ्यावर कया तापवून तारांना कथलाचा डाग देत बसायचं. अलार्मची कल्पना सेवकरामची. धुऱ्यावर काळा दोरा ओढायचा. दोऱ्याला डुकराचा धक्का लागला की शेतातल्या डब्यानं ते ओळखायचं, तारेवरून घरच्या डब्याला कळवायचं, आणि घरच्या डब्यानं भोंगा वाजवायचा. मग डबे-पिंपं बडवत धावत जायचं. कोणी मरायचं कारण नाही, डुकरानंसुद्धा. शेतातला डबा त्यानं केला, घरातला तिनं.

तो गेल्यावर दोन्ही डबे माळ्यावर पडून होते. ह्या वर्षी लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या तसे यादोरावांनीच ते खाली काढले. ज्या वस्तूला ते "पोरखेळ" म्हणायचे, ती त्यांनी स्वतः जशीच्या तशी जोडली. आकडा मात्र पुन्हा टाकला नाही.

बऱ्याच वेळानं ते परतले. पाय गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेले. ताटावरचं ताट काढून गार भात मुकाट्यानं जेवले.

"काही होतं का, बाबा?" सत्यभामानं विचारलं.

"नाई," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "पण दोरा हालून रायल्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बांध्यांचे केशवराव सायकल हातात धरून अंगणात आले. सायकलच्या मागं लोखंडी तारेचं भेंडोळं बांधलेलं होतं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पण पडवीत चढले नाहीत.

"यादोराव, राग नोका मानू. डुकरांनी दोन बांध्या लोळवल्या माह्या. तुमचा भोंगा वाजते तवा डुक्कर नसते, अन् डुक्कर येते तवा भोंगा मुका. मी आज आकडा टाकून रायलो. तुमाले सांगाले आलो, का धुऱ्यानं फिरू नोका."

यादोराव खाटेवर बसले होते. त्यांनी भेंडोळ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"त्याच धुऱ्यावरून बाया कापणीले जातेत, केशवकाका," सत्यभामा म्हणाली.

"दिवसा काढून घेईन ना."

"एखाद्या दिवशी विसराल."

केशवरावांनी सायकलचं हँडल चोळलं. "मंग मी काय करू, बाई? सांग."

"मले दोन दिवस द्या. मी हा नीट करते. नीट वाजला नाही तर मी काही बोलणार नाही."

"त्याच्यात नीट करन्यासारखं काई नाई, बाई," केशवराव आवाज खाली आणून म्हणाले. "त्याच्यात मानूस आहे. ललिताबाईनं पायलं, सांजचा दोरा आपोआप हालते. माह्या घरच्या बाया तिकडून जाणं सोडून बोडीच्या पाळीनं जातेत." मग आपण कोणापुढं बोलतो आहोत हे ध्यानात येऊन ते ओशाळले. "दोन दिवस. त्याच्या पुढं नाई थांबत."

ते गेल्यावर सत्यभामानं भोंगा सोडवला, भिंतीवरचा डबा उतरवला आणि शेतातला डबा काढून आणायला स्वतः गेली. धुऱ्यावर एका जागी गवत उगवलेलं नव्हतं. तिथं पळसाच्या पानावर भात ठेवलेला होता, मुंग्या लागलेला. माय ठेवत असणार. त्या जागेवरून न जाता ती बांधीतल्या चिखलातून वळसा घालून गेली.

घरी येऊन तिनं दोन्ही डबे उघडून पडवीत मांडले. सेवकरामचा डबा पत्र्याचा, आधी बिस्किटांचा असलेला. आत त्याचं काम दिसत होतं. प्रत्येक तार काटकोनात वळवलेली, प्रत्येक डाग चकचकीत. कोपऱ्यात वळवलेल्या तारेखाली त्याचा एक केस डागात अडकून राहिला होता. तिनं तो काढला नाही.

तिनं मीटर लावला. त्याच्या डब्याला काहीच झालेलं नव्हतं. दोरा ओढल्यासारखं केलं की त्यातून निघणाऱ्या तारेवर लगेच पाच व्होल्ट येत. मग तिनं आपला डबा तपासला. त्यालाही काही झालेलं नव्हतं. बॅटरीची तार त्याच्या तोंडाला टेकवली की भोंगा चालू करणारी रिले टक्‌ करून ओढली जाई. दोन्ही डबे धडधाकट होते. दोन्ही जोडले, की मुके.

ती तशीच बसून राहिली. दुपारचं ऊन पडवीतून सरकून अंगणात गेलं.

मग तिला दिसलं. आणि दिसल्यावर ते इतकं साधं होतं की तिला वाटलं, आपण ओरडलो की काय.

त्याच्या डब्यातली आयसी, ती काळी चिप, पाच व्होल्टवर चालणारी. नागपूरच्या दुकानात तीच स्वस्त मिळाली होती. तिच्या डब्यातली सरळ बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालणारी. मध्ये काही लावावं लागत नाही म्हणून तिनंच ती निवडली होती. त्याच्या आयसीचं 'हो' पाच व्होल्टचं. तिच्या आयसीला 'हो' कळायला निदान बाराच्या निम्म्याहून जास्त हवं. तो जिवाच्या आकांतानं 'हो' म्हणाला, तरी तिला ते 'नाही'च ऐकू येणार. बॅटरी उतरून दहावर आली की निम्मे होत पाच. तेव्हा कुठं त्याचं म्हणणं तिच्या डब्याला अर्धंमुर्धं कळायचं. कळलं, नाही कळलं, असं होत रिले थरथरायची आणि भोंगा कण्हायचा. दोरा तर रोजच हलत असणार. वाऱ्यानं, दवानं, कधी डुकरानंही. ऐकू मात्र बॅटरी मरायला टेकली की यायचं.

दोन्हींच्या मध्ये, पाचाचं 'हो' बाराला कळेल असं करणारा, शेंगदाण्याएवढा एक ट्रान्झिस्टर हवा होता. एक ट्रान्झिस्टर आणि दोन रोधक. कॉलेजात पोरांना प्रॅक्टिकलच्या वेळी हे जोडून द्यायचं काम तिचंच.

तिला पवनीचा बस स्टँड आठवला. गेल्या वर्षी आपला डबा ती फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात देत होती. तो म्हणाला होता, "ताई, जोडताना काही पाहाले लागन का?" बस सुटत होती. ती म्हणाली होती, "काय पाहतं त्यात? वायरले वायर लाव." पुढच्या बाजाराला तो पुन्हा भेटला. वाजत नाही म्हणाला. बाबा हसतात म्हणाला. तेव्हा ती कॉलेजच्या तपासणीच्या घाईत होती. "बॅटरी उतरली असन. सुट्टीत आली की पाहते," असं सांगून तिनं त्याला वाटेला लावलं.

ती सुट्टीत आली, ती त्याला न्यायच्या दिवशी.

अलार्म वाजला असता तर बाबांनी आकडा टाकला नसता. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिथंच बसलं. तिनं कया निखाऱ्यात ठेवली, सुट्या भागांच्या डब्यातून एक ट्रान्झिस्टर निवडला आणि त्याचे तिन्ही पाय कागदानं घासायला लागली. तिनं कोपरं मांडीवर रोवली. जागा तिच्याच डब्यात होती. ट्रान्झिस्टर 'हो'चं 'नाही' करतो, म्हणून तिच्या आयसीतला एक रिकामा भाग वापरून ते पुन्हा उलटवून घेतलं. काम फार वेळाचं नव्हतंच.

यादोराव बैल बांधून आले आणि खांबाला टेकून पाहत उभे राहिले.

"कोन्या डब्यात बसवून रायली ते?"

"ह्या."

"हा तुवाला ना?"

"हो."

ते मान हलवून आत गेले.

त्या संध्याकाळी भोंगा भिंतीवर नव्हताच. डबे उघडे पडले होते, तारा सुटलेल्या. यादोराव जेवायला बसले. दोन घास झाले असतील. मग त्यांनी मान वर केली, कान दिला, आणि ताटावरून उठून खुंटीवरची टॉर्च काढली.

"बाबा," सत्यभामा म्हणाली, "भोंगा माझ्याजवळ आहे."

त्यांनी तिच्या मांडीवरच्या भोंग्याकडे पाहिलं. तरीही ते गेले. धुक्यातून हाक आली. पार्वताबाईंनी ताटावर ताट घातलं.

सकाळी यादोरावांनीच सायकलवरून बॅटरी अड्याळला नेली आणि दुपारपर्यंत भरून आणली. सत्यभामानं दोन्ही डबे आपापल्या जागी बसवले, दोरा वाऱ्यानं ओढला जाऊ नये इतका सैल केला. पडताळा पाहायला शेतात कोणीतरी हवं होतं.

"मी जातो," यादोराव म्हणाले.

"हळूच ओढा, बाबा. डुक्कर लागल्यावानी."

ती पडवीत उभी राहिली. ते धुऱ्यानं जाताना दिसले, पांढरं मुंडासं धानावरून सरकत गेलं. ते त्या जागेपाशी थांबले. वाकले.

भोंगा असा वाजला की गोठ्यातला बैल दावं तोडायला निघाला. बोडीवरचे बगळे एकदम उठले. आवाज आंबराईपर्यंत गेला, तिकडून परत आला. सत्यभामानं कानांवर हात घेतले, मग काढले. तिला तो आवाज पूर्ण ऐकायचा होता.

केशवराव खळ्यावरून धावत आले. "वाजला ना बाप्पा! कुठं बी ऐकू येईन. मेलेले बी उठ..." ते तिथंच अडखळले. पायातल्या वहाणेकडे पाहत म्हणाले, "चांगलं केलं, बाई. तार परत करतो मी. तुवाल्या हातचा एक असा माह्या धुऱ्याले बी कर."

ते गेले तरी यादोराव आले नव्हते. तिनं तोवर आपला डबा भिंतीवरून काढून झाकण लावायला घेतलं. तीन स्क्रू लागले, चौथा हातातून निसटला. तो शोधत असताना त्यांचे पाय पडवीच्या पायरीशी दिसले. ते पायरीवर बसले. मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"त्या दिवशी असा नाई वाजला," ते म्हणाले.

सत्यभामानं मान वर केली. "कोण्या दिवशी?"

"त्या दिवशी. लहानच वाजला. आता वाजत होता ना, कण्हल्यावानी, तसा."

"बाबा, तो तर मुका होता. सेवकराम म्हणे, वाजतच नाही."

"तो म्हणे. त्याले ऐकू नाई आलं कधी. त्या दिवशी वाजला." यादोराव समोर पाहत बोलत होते, गोठ्याकडे. "झुंजूरका होता, पुरतं उजाडलं नव्हतं. मी इथंच बसलो होतो, चहा पीत. आकडा रातीच टाकल्ता, कोनाले न सांगता. मले वाटलं, तो खाटेवरच आहे. भोंगा कण्हला. मले वाटलं, डुक्कर सापडला."

तिनं स्क्रू शोधणं सोडलं.

"तुवाल्या मायले म्हटलं, मसाला वाटून ठेव. चहा संपवला. बिडी पेटवली. मंग गेलो."

आत पार्वताबाईंच्या बांगड्यांचा आवाज होत होता. कणीक मळत असाव्यात. तो आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"म्हणून वाजला का जातो," यादोराव म्हणाले. "अन् नाई वाजला तरी मले वाजतेच."

सत्यभामा त्यांच्याजवळ येऊन पायरीवर बसली. तिच्या हातात डबा तसाच होता. काय बोलावं हे तिला कळत होतं, पण कोणत्या टोकानं सुरू करावं ते कळत नव्हतं.

"बाबा, करंट असा थांबत नसतो. तुम्ही उठल्याबरोबर धावले असते तरी..."

"मालूम आहे मले."

"मग?"

"मालूम आहे, बाई. पण मी बिडी पेटवली ना."

तिनं डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. चौथ्या स्क्रूचं भोक उघडं होतं, त्यातून आतली लाल तार दिसत होती.

"बाबा, तुम्हाले एक सांगाचं आहे. हा जो माझा डबा..."

"काई नव्हतं त्याच्यात."

"ऐका तर खरं. मी त्याले म्हटलं होतं..."

"भामा." त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्या तोंडाकडे नीट पाहत होते. "काल मी पायलं, कोन्या डब्यात तू ते बसवलं. मले तुमचं ते विजेचं कळत नाई. पण एवढं कळते. तुवाल्या डब्यात काई खोट नव्हती. ऐकली का? आकडा म्या टाकला. त्याच्यात कोनाचा वाटा नाई."

त्यांनी हात लांब केला, तिच्या डोक्यावर ठेवायचा असावा. मध्येच थांबवून पायरीवरचा कचरा निपटल्यासारखं केलं. तिथंच त्यांना तो चौथा स्क्रू सापडला. तो त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

पार्वताबाई कणकेचे हात घेऊन दारात आल्या. भिंतीकडे, मग नवऱ्याकडे, मग लेकीकडे त्यांनी पाहिलं.

"काय निघालं मंग? काहून कण्हत होता तो?"

सत्यभामानं वडिलांकडे पाहिलं. यादोराव मुंडासं झटकून उठत होते.

"दोरा," ते म्हणाले. "दोरा बरोबर नव्हता बांधला. म्या बांधला ना अवंदा."

पार्वताबाई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी काय ऐकलं होतं, किती ऐकलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"तुमाले गाठ मारता आलीच कवा," त्या म्हणाल्या, आणि कणकेच्या हातानंच पदर सावरत आत वळल्या.

यादोराव गोठ्याकडे गेले. बुजलेल्या बैलाच्या मानेवर हात फिरवत ते त्याच्याशी काहीतरी हळू बोलू लागले. सत्यभामानं स्क्रू भोकात बसवला, घट्ट फिरवला. डबा तयार होता, भिंतीवर लावायचा तेवढा राहिला होता. हातात हलकाच होता. तरी बराच वेळ तिला तो मांडीवरून उचलता येईना.